रोटालाच्या काड्या खालून उघड्या का पडल्या? एका टँकचा प्रकरण अभ्यास

वरून पाहिलं तर माशांच्या या टँकमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं. मागच्या काचेला लागून रोटाला रोटुंडिफोलिया या पाणरोपाची दाट रांग, पाण्याच्या पृष्ठभागाला टेकलेले हिरवे शेंडे, दुपारनंतर पानांवर चमकणारे प्राणवायूचे बुडबुडे. समोर बसून पाहिलं की मात्र रांगेचा खालचा तिसरा हिस्सा उघडा दिसायचा. पानं झडलेल्या तपकिरी काड्या, सांध्यांतून लोंबणारी पांढरी मुळं आणि त्यांत गुंतलेलं केसाळ शेवाळ. टँक ओळखीतल्या एका कॉलेजच्या मुलाचा. दीड महिना त्याने तो मन लावून सांभाळला होता आणि त्याचं निदान तयार होतं: "ताई, पोटॅश कमी पडतंय. जुनी पानं आधी जातात म्हणजे तेच ना?"

शंका रास्त होती. नत्र, स्फुरद, पालाश (म्हणजेच पोटॅश) आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं रोपाच्या आत इकडून तिकडे हलू शकतात. तुटवडा पडला की रोप ती जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवतं, म्हणून त्यांच्या उणिवेची लक्षणं खालून सुरू होतात. लोह, कॅल्शियम, बोरॉन यांची अशी ने-आण होत नाही, त्यामुळे त्यांची उणीव कोवळ्या पानांवर दिसते. हा नियम खरा आहे आणि रोज उपयोगी पडणारा आहे. पण खालची पानं जाण्यामागे खताखेरीज दुसरी कारणंही असतात, आणि ती ओळखण्यासाठी रोप हातात घेऊन पाहावं लागतं. स्टेम प्लँट, म्हणजे काडीवर उंच वाढणारी रोपं, लावणाऱ्या बहुतेकांना ही उघडी काडी कधी ना कधी भेटतेच, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

टँक आणि रोप

टँक ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३६ उंच. हिशेबाने जवळपास ६५ लिटर, पण रेती, दगड आणि काठाखाली सोडलेली जागा वजा केली की पाणी सुमारे ५५ लिटर. खताचा हिशेब नेहमी या दुसऱ्या आकड्यावर करावा. तळाला बारीक रेती आणि तिच्यात खोचलेल्या खताच्या गोळ्या. फिल्टरचं पाणी डाव्या कोपऱ्यात पडतं, उजव्या कोपऱ्यात एक मोठा दगड. वर एलईडी लाइट, सिलिंडरवरचा सीओटू (कार्बन डायऑक्साइड), काचेला चिकटवलेला, पाण्यातला सीओटू रंगाने दाखवणारा ड्रॉप चेकर. लहान टेट्रांचा थवा. दर आठवड्याला निम्मं पाणी बदललं जायचं आणि आठवड्याला एक ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट तीन वेळा विभागून पडायचं. सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली वेगळी होती.

रोटुंडिफोलिया हे मेंदी, डाळिंब आणि ताम्हण यांच्याच कुळातलं रोप. दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या दलदली, ओढ्यांचे काठ आणि भातखाचरं हे त्याचं मूळ घर. वर्षातला काही काळ पाण्याखाली आणि काही काळ पाण्याबाहेर जगण्याची त्याला सवय आहे. बाजारात ते बरीच वर्षं रोटाला इंडिका या नावाने विकलं गेलं आणि अजूनही कुठे कुठे तसंच मिळतं. खरी इंडिका वेगळी: तिची फुलं पानांच्या बगलेत येतात, तर रोटुंडिफोलियाला पाण्याबाहेर शेंड्यावर गुलाबी तुरे येतात.

या दुहेरी सवयीमुळेच पहिला घोळ झाला. रोपवाटिकांमध्ये ही रोपं बहुधा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. तेव्हा पानं गोल आणि जाडसर असतात आणि त्यांच्यावर मेणाचा थर असतो. पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, त्यामुळे असं पान पाण्याखाली फारसं कामाचं राहत नाही. रोप ते टाकून देतं आणि शेंड्यातून अरुंद, पातळ, लांबट पानं काढतं. या टँकमध्ये पहिल्या दोन-तीन आठवड्यांत नेमकं हेच झालं. गोल पानं पारदर्शक होऊन गळायला लागली. मुलगा घाबरला, लाइट आठ तासांवरून अकरा तासांवर नेला आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांचा डोस वाढवला. नवी अरुंद पानं आली आणि त्याला वाटलं की उपाय लागू पडला. ती पानं तशीही येणारच होती. वाढवलेल्या तीन तासांचा फायदा मुख्यतः शेवाळाने घेतला.

मी गेले तेव्हा चालू असलेली पानगळ मात्र वेगळी होती. आता गळत होती ती पाण्याखालीच जन्मलेली अरुंद पानं, त्यामुळे नवं रोप पाण्याखाली रुळण्याच्या काळाचं कारण तिला लागू पडत नव्हतं.

आतल्या काड्या आणि बाहेरच्या काड्या

पाण्यात हात घालून झुंबाड हळूच दुभंगलं तेव्हा पहिला धागा हाताला लागला. समोरच्या ओळीतल्या, काचेकडे तोंड असलेल्या काड्यांना पानं थेट रेतीपर्यंत होती. त्यांच्या बोटभर मागच्या काड्या खालून नागड्या. वय एकच, पाणी एकच, खत एकच.

मधली एक काडी उपटून पांढऱ्या ताटलीत ठेवली. वरच्या पेरांवर पानांच्या जोड्या ताठ आणि स्वच्छ. त्याखालची पानं फिकट हिरवी आणि कागदासारखी पातळ, त्यांच्यावर बारीक गाळाचा पापुद्रा. बोट लावताच ती सांध्यापासून सुटली. पिवळेपणा नव्हता, कडा करपलेल्या नव्हत्या, टाचणीने टोचल्यासारखी भोकंही नव्हती. त्याखाली उघडे सांधे, प्रत्येकातून एक-दोन पांढरी मुळं, आणि रेतीत गाडलेला भाग मऊ, तपकिरी. समोरच्या ओळीतली तेवढ्याच उंचीची काडी शेजारी ठेवली. तिच्या सगळ्यात खालच्या पानांच्या कडेला थोडं शेवाळ होतं, पण पानं हिरवी होती आणि ओढल्याशिवाय सुटत नव्हती.

पोटॅशचा संशय इथेच ढिला पडतो. पाण्यातलं अन्नद्रव्य सगळ्या काड्यांना सारखंच मिळतं. ते कमी पडलं तर आधी हाल होतात ते सर्वांत जोमाने वाढणाऱ्या काड्यांचे, कारण त्यांची मागणी जास्त असते. म्हणजे उजेडातली बाहेरची ओळ आधी खंगायला हवी होती. इथे चित्र बरोबर उलटं होतं.

आकडेही तेच सांगत होते. पोटॅशियम नायट्रेटच्या वजनात सुमारे ६१ टक्के नायट्रेट आणि ३९ टक्के पोटॅशियम असतं. एक ग्रॅम ५५ लिटरमध्ये टाकलं की लिटरमागे ११ मिलिग्रॅम नायट्रेट आणि ७ मिलिग्रॅम पोटॅशियम पडतं. दर आठवड्याला निम्मं पाणी बदललं तर साठत साठत पातळी आठवड्याच्या डोसाच्या फार तर दुप्पट होते, त्यापुढे जात नाही. म्हणजे खताचं नायट्रेट २२ च्या आसपास अडकणार. त्यात माशांच्या विष्ठेतून थोडं वाढतं आणि रोपं थोडं खातात. टेस्ट किट २० च्या जवळ दाखवत होतं. हिशेब जुळत होता, आणि एवढ्या पाण्यात पालाशाची उपासमार होणं मला पटेना. खतावर संशय घेण्याआधी असा कागदावरचा हिशेब करावा असं माझं ठाम मत आहे. टेस्ट किटवर भिस्त ठेवून बाटल्या बदलत बसण्यापेक्षा तो स्वस्त पडतो आणि खराही निघतो.

मग आतल्या आणि बाहेरच्या काडीत फरक कशाचा? उजेडाचा, आणि पाण्याच्या हालचालीचा.

प्रत्येक पान श्वसनासाठी साखर खर्चतं आणि उजेडात ती कमावतं. उजेड एका मर्यादेखाली गेला की खर्च कमाईपेक्षा जास्त होतो. असं पान रोपावर ओझं ठरतं. रोप त्यातली हलवता येण्याजोगी अन्नद्रव्यं वर घेतं आणि पान सोडून देतं. रोटालाची ओढ मुळातच पृष्ठभागाकडे असते. शेंडे वर पोचले की आडवे पसरतात आणि स्वतःच्याच बुंध्यावर सावली धरतात. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक पानाभोवती स्थिर पाण्याचा एक पातळ थर असतो. कार्बन डायऑक्साइडला तो ओलांडून पानापर्यंत पोचावं लागतं. पाणी हलतं असेल तर हा थर पातळ राहतो. दाट झुंबाडाच्या पोटात पाणी जवळपास थांबलेलं असतं, वर पानांवर गाळ बसतो, आणि आधीच अर्धपोटी असलेल्या पानाची उरलीसुरली कमाईही जाते. डाव्या कोपऱ्यात, फिल्टरच्या धारेसमोर, आतल्या काड्यांनाही थोडी पानं टिकून होती, त्यावरून हालचालीचा वाटा दिसत होता.

ही दाटी आली कुठून? कुंडीतलं रोप जसंच्या तसं, पाच-सहा काड्यांचा जुडगा एकाच खड्ड्यात, असं ते लावलेलं होतं. शिवाय आधी एकदा शेंडे खुडून झाले होते, आणि खुडलं की फुटवे वाढतात.

दोन बाजू

तर्क कितीही सरळ वाटला तरी तो तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरवलं. मुलाला खताचा डोस बदलायचा होता, नवीन लाइटही मागवायचा होता. दोन्ही थांबवलं. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या की टँक सुधारला तरी कशाने सुधारला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावं लागतं.

सगळ्या काड्या उपटल्या. प्रत्येकीचा वरचा, निरोगी पानांचा १०-१२ सेंटिमीटरचा भाग ठेवला आणि खालचा उघडा भाग टाकून दिला. बुंधा सशक्त असता तर तो रेतीतच राहू दिला असता, कारण कापलेल्या बुंध्यालाही सांध्यांतून फुटवे येतात. इथे तो मऊ पडला होता. कापलेल्या शेंड्यांच्या तळच्या दोन सांध्यांवरची पानं काढली. मुळं तिथूनच फुटतात, आणि पानं रेतीत गाडली तर ती कुजतात.

डाव्या अर्ध्यात एकेक काडी चिमट्याने, तिरकी, दोन-तीन सेंटिमीटर अंतर सोडून लावली. तिरकी लावल्यावर रेतीची पकड चांगली बसते आणि काडी तरंगून वर येत नाही. उजव्या अर्ध्यात तशाच शेंड्यांचे पाच-पाच, सहा-सहाचे जुडगे, पूर्वीसारखेच एकेका खड्ड्यात. शेंडे त्याच झुंबाडातले, लावण्याचा दिवस तोच, खत तेच. डाव्या टोकाला फिल्टरची धार पडते म्हणून तिथल्या काड्या तुलनेत धरायच्या नाहीत, मधल्या भागाच्या दोन बाजूच ताडून पाहायच्या असं ठरलं. लाइट मात्र अकरावरून सात तासांवर आणला. शेवाळ वाढत होतं आणि हा बदल दोन्ही अर्ध्यांना सारखाच लागू होता.

मुलाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: लावताना जी पानं होती त्यांच्याकडे पाहून काही ठरवू नकोस. बिघडलेलं पान दुरुस्त होत नाही. त्याने प्रत्येक बाजूच्या एका काडीवर, तेव्हाच्या शेंड्याखाली, पांढऱ्या दोऱ्याची सैल गाठ बांधली. गाठीवरचं सगळं नवीन आणि गाठीखालचं जुनं.

पहिल्या आठवड्यात दोन्ही बाजू सारख्याच, किंचित मरगळलेल्या. मुळं धरेपर्यंत शेंडा थांबतो. मग वाढ सुरू झाली आणि उजवी बाजू पुढे गेली. उंचीत ती स्पष्ट जास्त होती, पेरं लांब. मुलगा म्हणाला, "ताई, जुडगे तर जास्त जोरात वाढतायत!" पण लांब पेर हे जोमाचं लक्षण मानू नये. गर्दीतली काडी उजेडाच्या शोधात ताणली जाते. डावीकडे पेरं आखूड होती, पानं जवळजवळ, आणि बुंध्याजवळच्या सांध्यांतून जमिनीलगत सरपटणारे बाजूचे फुटवेही दिसायला लागले होते. रोटालाला तळापर्यंत उजेड पोचला की ती असे फुटवे काढते, ही चांगली खूण.

चौथा आठवडा संपता संपता निकाल स्पष्ट झाला. डावीकडे गाठीवरची एकही जोडी गळलेली नव्हती आणि गाठीखालचीही बहुतेक शाबूत होती. उजवीकडे जुडग्यांच्या पोटातली पानं पुन्हा फिकट आणि गाळाने माखलेली, आणि गाठीखालची निम्म्याहून जास्त गेलेली. खताचा एक दाणाही इकडचा तिकडे झालेला नव्हता.

सकाळचा निळा ड्रॉप चेकर

विरळणीने मुख्य प्रश्न सुटला, पण डाव्या बाजूच्या पानांच्या कडांवर थोडं केसाळ शेवाळ येतच राहिलं. त्याचं मूळ सीओटूच्या वेळेत होतं.

लाइट आणि सीओटू एकाच टायमरवर होते. लाइट लागताना ड्रॉप चेकर निळा असायचा आणि दुपारपर्यंत हिरवा व्हायचा. चेकरमध्ये केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) ४ चं तयार द्रावण होतं, ते योग्यच. या द्रावणात हिरवा रंग म्हणजे लिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड. निळा म्हणजे कमी, पिवळा म्हणजे जास्त. हे उपकरण एक-दोन तास मागे चालतं हे विसरून चालत नाही, म्हणून पीएच पेननेही मोजलं. टँकच्या पाण्याचा केएच ४. लाइट लागताना पीएच ७.४, म्हणजे जेमतेम ५ मिलिग्रॅम. दुपारी ६.६, म्हणजे ३०. (केएच, पीएच आणि सीओटूचा हा हिशेब इथे चालला, कारण टँकमध्ये लाकूड नाही आणि पाण्याचा पीएच पाडणारी मातीही नाही. ती असेल तर आकडे फसवे येतात.) म्हणजे रोज सकाळी पूर्ण उजेडात रोपं काही तास उपाशी. शेवाळाला एवढ्या सीओटूची गरज नसते, त्यामुळे ते तास त्याचे.

सीओटू वेगळ्या टायमरवर घेतला. लाइटच्या दोन तास आधी सुरू आणि लाइट बंद होण्याच्या एक तास आधी बंद. बुडबुड्यांचा वेग तोच ठेवला. आता लाइट लागताना पीएच ६.७ मिळतो. पहिले काही दिवस माशांवर लक्ष ठेवायला सांगितलं. ते पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडमिट करू लागले तर सीओटू ताबडतोब कमी करायचा आणि पाणी खळाळतं ठेवायचं. रोपापेक्षा मासा आधी, याबाबत तडजोड नाही. तशी वेळ आली नाही. कडांवरचं शेवाळ पुढच्या दोन-तीन आठवड्यांत वाढायचं थांबलं. जुन्या पानांवर चिकटलेलं मात्र राहिलं, ते छाटणीतच गेलं.

शेंडा खुडण्याचं गणित

तुलना संपल्यावर उजवी बाजूही विरळ केली. पण एकदा विरळ लावलं म्हणजे कायमचं निभावलं असं होत नाही.

काडीचा शेंडा बाकीच्या कळ्यांना दाबून ठेवणारं संप्रेरक बनवतो. शेंडा खुडला की तो दाब जातो आणि कापाखालच्या सांध्यातल्या कळ्या फुटतात. रोटालाची पानं समोरासमोर जोडीने असतात, म्हणून साधारण दोन फुटवे येतात. एका काडीच्या दोन, पुढच्या छाटणीला चार, तिसरीला आठ, आणि बुंधा मात्र तोच. झुंबाड भरगच्च दिसायला लागतं तेव्हा खाली सावली दाटायला सुरुवात झालेली असते. म्हणून दर दोन-तीन छाटण्यांनंतर काही बुंधे मुळासकट काढून त्यांच्या जागी ताजे शेंडे लावायचे. छाटताना समोरची ओळ खाली कापायची, मागची उंच ठेवायची, म्हणजे उतार तयार होतो आणि मधल्या काड्यांच्या बुंध्यांनाही तिरका उजेड मिळतो. सगळी रांग एका रेषेत सपाट कापलेली पाहिली की मला दोन महिन्यांनंतरचं चित्र आधीच दिसायला लागतं.

रंगाबद्दल थोडंसं. विरळणीनंतर डावीकडचे शेंडे पृष्ठभागाजवळ गुलाबी-तांबूस झाले. मुलाला ते अजून लाल हवे होते, आणि नायट्रेट कमी केलं की रोटाला लाल होते हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. ते खरं आहे. भरपूर उजेडात नत्र आखडता घेतला की पानात लाल रंगद्रव्य साठतं. पण आत्ताच तळापर्यंत पानं धरायला लागलेल्या रोपाचा नत्र तोडणं मला मान्य नव्हतं. नत्र कमी पडला की खालची पानं जातातच, आणि मग उघड्या काडीचं कारण सावली की उपासमार हे ओळखणंही अवघड होतं. शेजारी हायग्रोफिला ही दुसरी पाणवनस्पतीही आहे, ती आधी पिवळी पडली असती. मुलाला ते पटलं आणि डोस होता तोच राहिला.

दगडामागचा उजवा कोपरा मात्र सुधारला नाही. तिथे विरळ लावूनही तळची पानं टिकेनात. दगडाची सावली आणि धारेपासून सगळ्यात दूरची जागा. फिल्टरची नळी फिरवून थोडा फरक पडला, पुरेसा नाही. अशा जागी रोटालाशी झगडू नये. तिथे आता क्रिप्टोकोरीन वेंडटी आहे, कमी उजेडात शांतपणे वाढणारी. रोटालाची रांग दगडाच्या डाव्या कडेशी संपते. पुढच्या छाटणीला मधले जुने बुंधे उपटायचे आहेत, आणि त्यासाठी डाव्या बाजूचे शेंडे कापायची उंची मुलाने काचेवर मार्करने आखून ठेवली आहे.